१६ अब्ज पासवर्ड फुटले, आता आमच्या वहीचं काय?

प्रश्न : मी नंदनवनात राहते. घरूनच पापड, कुरडया, सांडगी मिरची विकते. ऑर्डर सगळ्या व्हॉट्सॲपवर, पैसे यूपीआयवर. परवा फॅमिली ग्रुपवर पुन्हा ती बातमी फिरली, १६ अब्ज पासवर्ड चोरीला गेले, गूगल, ॲपल, फेसबुक सगळं फुटलं म्हणून. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. खरं सांगते, माझा पासवर्ड सगळीकडे एकच आहे : मुलाचं नाव, मध्ये ॲटचं चिन्ह आणि पुढे त्याचं जन्मसाल. तो वहीत लिहून ठेवलाय, त्यावरून मुलगाच मला हसतो. दीर म्हणतात, दर महिन्याला पासवर्ड बदला, बाहेर कुठे मोबाइल चार्जिंगला लावू नका आणि अडीच हजारांचा अँटिव्हायरस घ्या. मुलगा अकरावीत आहे, घरच्या कॉम्प्युटरवर फुकटचे गेम उतरवत असतो. तो म्हणतो, काही होत नाही. यजमान म्हणतात, जीमेलच बंद करून टाक. मी नेमकं काय करू?
— पापडवाल्या काकू, नागपूर

उत्तर : काकू, जीमेल बंद करायचं नाही. कुलूप नीट लागत नाही म्हणून कोणी घर पाडत नाही. शिवाय बँकेपासून वीजबिलापर्यंत जिथे जिथे ‘पासवर्ड विसरलात?’ असं बटण आहे, त्याची चिठ्ठी बरेचदा त्याच जीमेलवर येते. ते खातं बंद केलंत तर चोर बाहेर राहील की नाही सांगता येत नाही, तुम्ही मात्र नक्की बाहेर राहाल.

आता त्या बातमीकडे. ती जून २०२५ ची आहे आणि दर दोन-तीन महिन्यांनी कुणाचा तरी भाचा ती नव्याने शोधून काढतो. सायबरन्यूज या संकेतस्थळाच्या संशोधकांना इंटरनेटवर उघड्यावर पडलेले ३० गठ्ठे सापडले, त्यांतल्या नोंदींची बेरीज १६ अब्ज. गूगल किंवा ॲपलच्या तिजोरीला कुणी भोक पाडलेलं नव्हतं. वेगवेगळ्या लोकांच्या कॉम्प्युटरमधून वेगवेगळ्या वेळी गेलेले पासवर्ड आणि जुन्या चोऱ्यांतला माल एकत्र करून बांधलेले हे गठ्ठे. एकाच माणसाचा एकच पासवर्ड पाच गठ्ठ्यांत असेल तर तो पाचदा मोजला जातो. जगाची लोकसंख्या ८ अब्जांच्या आसपास आहे. म्हणजे पाळण्यातल्या बाळासकट प्रत्येकाच्या वाट्याला दोन पासवर्ड. शिळ्या कढीला ऊत म्हणतात तो हाच. २००९ मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीकडून ३ कोटी २० लाख पासवर्ड गेले, तेही साध्या अक्षरांत ठेवलेले. ती यादी पासवर्ड फोडणाऱ्यांच्या हाताशी आजही असते, आणि तिचंच नाव लावून २०२४ मध्ये कुणीतरी जवळपास १० अब्जांची यादी बाजारात सोडली. तीत बराचसा जुना माल आणि कचरा होता, मथळे मात्र ताजे निघाले.

बातमीवाल्यांचीही अडचण आहे म्हणा. ‘जुनेच पासवर्ड नव्या पोत्यात’ असा मथळा कोण वाचणार? मग सोबत तो ठरलेला फोटो : काळी हुडी, अंधारात तोंड, मागे हिरवे आकडे बदाबदा पडतायत. नागपूरच्या मे महिन्यात हुडी घालून बसलेला हॅकर पासवर्डपर्यंत पोहोचायच्या आधी मेयो रुग्णालयात पोहोचेल. बडग्या म्हणून, म्हणजे नागपुरात मिरवून जाळतात तसला पुतळा म्हणून, मात्र तो झकास आहे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल भागातून काढायला हरकत नाही.

पण त्या गठ्ठ्यांत नवा माल भरतो कोण, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर तुमच्या पत्रातल्या एका ओळीत आहे. दीरांना ते दिसलं नाही. ‘मुलगा फुकटचे गेम उतरवतो.’

या चोरीच्या हत्याराला इन्फोस्टीलर म्हणतात. चालतं असं. यूट्यूबवर व्हिडिओ असतो, अमुक महागडा गेम फुकट. खाली लिंक. लिंकवरून झिप फाइल उतरते, तिला पासवर्ड असतो आणि तो १२३४ असा तिथेच लिहिलेला असतो. पोराला वाटतं, किती व्यवस्थित माणूस आहे! पासवर्ड लावायचं खरं कारण हे की कुलूपबंद झिपच्या आत अँटिव्हायरसला डोकावता येत नाही. पुढची सूचना : ‘इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस बंद ठेवा, तो उगाच ओरडतो.’ चोराने घरमालकालाच कुत्रा बांधायला सांगावं आणि मालकाने बांधावा. फाइल उघडली की कधी गेम खरंच सुरू होतो, कधी ‘एरर’ येऊन काहीच होत नाही. मागे मात्र एक-दोन मिनिटांत क्रोममध्ये जपलेले सगळे पासवर्ड, फॉर्ममध्ये भरलेले पत्ते आणि कुकीज गोळा होऊन बाहेर गेलेल्या असतात. मग ती फाइल टेलिग्रामच्या बाजारात, बरेचदा चिल्लर भावात, विकली जाते.

याचा दुसरा अवतार आणखी बेरकी. ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ अशी खिडकी येते. चौकोनात टिक करायला सांगण्याऐवजी ती म्हणते, विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. पानाने तोवर एक आज्ञा गुपचूप कॉपी करून ठेवलेली असते आणि तुम्ही ती स्वतःच्या हाताने कॉम्प्युटरला देता. कुठलंही खरं संकेतस्थळ माणूसपण तपासायला ही तीन बटणं दाबायला लावत नाही. मुलाला एवढं एक वाक्य पाठ करायला लावा.

हे किती चालतं? मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने अमेरिकी न्याय खात्याच्या साथीने लुमा नावाच्या एकाच स्टीलरचं जाळं तोडलं. आधीच्या दोन महिन्यांत मायक्रोसॉफ्टला लुमा बसलेले ३ लाख ९४ हजारांवर विंडोज कॉम्प्युटर सापडले होते. १६ अब्जांपेक्षा हा आकडा लहान दिसतो, पण घाबरायचंच असेल तर याला घाबरा.

कुकी म्हणजे काय तेही सांगतो, कारण इथेच भले भले फसतात. जत्रेत एकदा तिकीट काढलं की मनगटावर शिक्का मारतात, पुन्हा आत जाताना नुसता हात दाखवायचा. कुकी हा तो शिक्का. चोराने शिक्काच उचलला तर त्याला ना पासवर्ड लागतो, ना मोबाइलवर येणारा ओटीपी. म्हणून नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, जुने शिक्के पुसावे लागतात. आणि हे सगळं त्याच कॉम्प्युटरवर बसून केलंत तर नवा पासवर्डही गरमागरम चोराच्या ताटात. आमच्या मते निम्मी मेहनत फुकट जाते ती इथे.

तेव्हा क्रम असा. आजपासून त्या कॉम्प्युटरवर तुमचं काही उघडायचं नाही. सगळं मोबाइलवरून करा. सेटिंग्जमध्ये गूगल, मग ‘मॅनेज युवर गूगल अकाउंट’, मग सिक्युरिटी. पासवर्ड बदला. तिथेच ‘युवर डिव्हायसेस’ आहे. त्यात तुमचा मोबाइल सोडून जे जे दिसेल, घरचा कॉम्प्युटर धरून, ते सगळं साइन आउट करा. झाले शिक्के पुसून. रिकव्हरीचा मोबाइल नंबर तुमचाच आहे ना पाहा. बरेचदा तिथे आठ वर्षांपूर्वी बंद पडलेलं सिम सापडतं. मग टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरचं दुसरं कुलूप, सुरू करा आणि बॅकअप कोड मागवा. आठ-आठ अंकी दहा कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. ते वहीत उतरवा. मोबाइल हरवला तर पुन्हा घरात शिरायची तीच खिडकी.

आता सगळ्यात चुकणारी जागा. जीमेलमध्ये शिरलेला शहाणा चोर एक फॉरवर्डिंग किंवा फिल्टर लावून जातो. तुम्ही पासवर्ड बदलता, तरी बँकेच्या मेलची एक प्रत निमूट त्याच्याकडे जात राहते. हे मोबाइलच्या ॲपमध्ये दिसत नाही. कॉम्प्युटर साफ झाल्यावर (कसा करायचा ते शेवटी सांगतो) त्यावर जीमेल उघडा, सेटिंग्जमध्ये ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर्स’ असे दोन टॅब आहेत. तुम्ही न लावलेलं तिथे काहीही दिसलं तर काढून टाका.

जीमेलनंतर व्हॉट्सॲप, कारण तुमचं दुकानच तिथे आहे. सेटिंग्ज, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशन, सहा अंकी पिन. ईमेलही द्या, पिन विसरलात आणि ईमेल नसेल तर सात दिवस थांबावं लागतं, आणि वाळवणाच्या दिवसांत सात दिवस दुकान बंद म्हणजे काय ते तुम्हालाच ठाऊक. ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून अनोळखी कॉम्प्युटर असेल तर लॉग आउट करा. ‘चुकून तुमच्या नंबरवर सहा अंकी कोड आलाय, जरा सांगा ना’ असा निरोप आला तर तो सख्ख्या बहिणीच्या नंबरवरून आला तरी कोड द्यायचा नाही. तिचं व्हॉट्सॲप बहुतेक आधीच गेलेलं असतं.

यूपीआयची काळजी या बातमीपुरती सोडा. ते तुमच्या सिमला आणि मोबाइलला बांधलेलं असतं, वर पिन वेगळा. पासवर्डच्या गठ्ठ्यांतून ते उघडत नाही. त्याला धोका दुसरीकडून आहे. ‘तुमच्या एमएच ४९ गाडीचं चलान’ किंवा ‘लग्नाला यायचं हं’ म्हणत व्हॉट्सॲपवर एपीके फाइल येते, म्हणजे मोबाइलवर ॲप बसवणारी फाइल. पत्रिका ही फोटो किंवा पीडीएफ असते, तिला इन्स्टॉल करावं लागत नाही आणि ती तुमचे एसएमएस वाचायची परवानगी मागत नाही. चुकून ती फाइल इन्स्टॉल केलीच तर आधी त्या मोबाइलचा एरोप्लेन मोड, मग दुसऱ्या फोनवरून बँक. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, घरात चर्चा नंतर.

आता पासवर्ड स्वतः. मुलाचं नाव, एक चिन्ह, जन्मसाल. मराठी नावं धरा १० हजार, सालं १००, चिन्हं १०. गुणाकार १ कोटी. पासवर्ड फोडणारं साधं ग्राफिक कार्ड कच्च्या पद्धतीने साठवलेल्या यादीवर सेकंदाला अब्जावधी प्रयत्न करतं. म्हणजे तुमचा पासवर्ड ‘फुटला’ म्हणायलाही वेळ मिळत नाही. त्याहून वाईट म्हणजे तो सगळीकडे एकच. एखाद्या साडीच्या दुकानाच्या संकेतस्थळावरून तो गेला, की चोराचं यंत्र तोच ईमेल आणि तोच पासवर्ड शंभर ठिकाणी आपोआप लावून पाहतं. तिथे बुद्धी लागत नाही, नुसती चिकाटी लागते.

उपाय : जाड शब्दकोश घ्या, डोळे मिटून पान उघडा, बोट ठेवा. असे पाच शब्द. घोंगडी-पंक्चर-लवंग-तराजू-मंगळवार, अशा थाटाचे. रोमन अक्षरांत टाइप करायचे, मध्ये आडवी रेघ. एखादं संकेतस्थळ अंक आणि मोठं अक्षर मागत असेल तर शेवटी जोडा. वरचे पाच वापरू नका, ते आता छापले गेलेत. आणि स्वतःच्या मनाने निवडू नका. तुम्ही निवडायला बसलात तर पापड-कुरडई-मिरची येणार आणि मुलाने निवडले तर विराट येणार.

वहीवरून हसणाऱ्या मुलाला एक गोष्ट ऐकवा. १९ ऑक्टोबर २०२५ ला पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातून भरदिवसा दागिने गेले. मग जुने तपासणी अहवाल बाहेर आले. २०१४ मध्ये फ्रान्सच्या सायबर सुरक्षा संस्थेला तिथल्या कॅमेऱ्यांच्या सर्व्हरचा पासवर्ड सापडला होता : लूव्र. (चोरांना त्याचीही गरज पडली नाही. ते सामान वर चढवायच्या शिडीची गाडी घेऊन आले आणि कटरने काच कापली.) त्या मानाने तुमची वही फारच वरच्या दर्जाची व्यवस्था आहे. परदेशात बसलेल्या चोराचा हात नंदनवनातल्या गोदरेजच्या कपाटापर्यंत पोहोचत नाही. वहीत प्रत्येक खात्याचा वेगळा पासवर्ड लिहा, पण पाचातले चारच शब्द. पाचवा एकच शब्द सगळ्यांना सामाईक ठेवा आणि तो फक्त डोक्यात. वही कॉम्प्युटरच्या ड्रॉवरमध्ये नको, एटीएमचा आणि यूपीआयचा पिन वहीत नको. आणि वहीच्या पानाचा मोबाइलवर फोटो तर अजिबात नको. तो गूगल फोटोजमध्ये चढतो आणि पुन्हा सगळं जीमेलच्या एका कुलपावर येतं. त्या पाचव्या शब्दाची गोष्ट यजमानांच्या कानावर घाला, उद्या दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली तर घराचं काम अडायला नको.

दीरांची तीन वाक्यं. दर महिन्याला पासवर्ड बदला हा सल्ला २००३ चा आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेतल्या बिल बर यांनी नियम लिहिले होते, चिन्हं घाला, आकडे घाला, ठरावीक दिवसांनी बदला. त्यातल्या बऱ्याचशाचा पश्चात्ताप होतो असं त्यांनीच २०१७ मध्ये सांगितलं, आणि त्याच वर्षी संस्थेने सक्तीच्या बदलाचा सल्ला मागे घेतला. माणूस बदलतो काय, तर शेवटचा १ काढून २ करतो. गळती झाल्याचं कळलं की बदला, एरवी नको. चार्जिंगचं म्हणाल तर एप्रिल २०२३ मध्ये एफबीआयच्या डेनव्हर कार्यालयाने, सार्वजनिक यूएसबी पॉइंटमधून चोर मोबाइलमध्ये व्हायरस घुसवू शकतात, असं ट्वीट केलं आणि जगभर धावाधाव झाली. सायबर सुरक्षेच्या परिषदांमध्ये हे करून दाखवलेलं आहे. मॉलमधल्या बायाबापड्यांवर कुणी करताना पकडल्याचं मात्र कुणी दाखवत नाही. आपला चार्जर साध्या प्लगमध्ये लावा, मोबाइलने ‘फाइल ट्रान्सफर’ विचारलं तर नाही म्हणा, झालं. अँटिव्हायरससाठी अडीच हजार कशाला? विंडोजमध्ये डिफेंडर आहेच, तो चालू राहू द्या. जो पोरगा फुकटचा अँटिव्हायरस बंद करतो, तो विकतचाही करेल.

कॉम्प्युटरचं शेवटी. स्टीलर काम उरकून बरेचदा स्वतःला पुसून टाकतो, त्यामुळे ‘स्कॅन केलं, काही निघालं नाही’ याला अर्थ नाही. पेनड्राइव्हवर फोटो, पीडीएफ आणि हिशोबाच्या एक्सेल फाइल काढून घ्या. झिप, इन्स्टॉलर आणि गेमचे फोल्डर जिथल्या तिथे मरू द्या. मग सेटिंग्ज, (विंडोज ११ मध्ये) सिस्टिम, रिकव्हरी, ‘रिसेट धिस पीसी’, त्यात ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ आणि ‘क्लाउड डाउनलोड’. ४ जीबीच्या वर डेटा जातो, तेव्हा मोबाइल हॉटस्पॉटवर सुरू करू नका. विंडोज १० असेल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय; मशीन झेपवत असेल तर ११ वर जा. आणि दुकानातून ‘ॲक्टिव्हेट करून’ मिळालेलं विंडोज असेल तर ते ॲक्टिव्हेट करणारं सॉफ्टवेअर हीच पहिली घाण असू शकते.

साफ झाल्यावर दोन खाती करा. ॲडमिनिस्ट्रेटर तुमचं, मुलाचं स्टँडर्ड. एक लक्षात घ्या, स्टीलरला ॲडमिनची परवानगी लागत नाही, तो ज्याच्या खात्यात चालतो त्याचा ब्राउझर उचलतो. स्टँडर्ड खात्याने मुलगा वाचत नाही, तुम्ही वाचता. म्हणून त्याच्या खात्यातल्या क्रोममध्ये तुमचं जीमेल कधीही उघडायचं नाही, ‘दोनच मिनिटं प्रिंट काढायची आहे’ म्हणूनसुद्धा नाही. तुमच्या खात्यातही पासवर्ड सेव्ह करू का असं क्रोम विचारेल, नेव्हर दाबा. वही आहे ना!

राहिला गेमचा प्रश्न, कारण नुसतं ‘नको’ म्हटलं तर तो मित्राच्या पेनड्राइव्हवरून आणेल. एपिक गेम्सच्या दुकानात दर गुरुवारी रात्री एखादा तरी गेम फुकट देतात, एकदा घेतला की कायमचा त्याचा. तिथे त्याला स्वतःच्या ईमेलने खातं उघडू द्या. फक्त पासवर्ड टाकताना जरा शेजारी उभ्या राहा. आईचं नाव, ॲट आणि आईचं जन्मसाल टाकत नाहीये ना, तेवढं बघा.